प्रायमरीचे सुरुवातीचे पोल: देशभराचे बघायचे की आयोवाचे?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला वर्ष-दीड वर्ष असतानाच पोलचे आकडे यायला लागतात आणि आमच्या मराठी ग्रुपवर त्यांचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच अवस्था. तरी आकडे बघूच नका असं सांगण्यात अर्थ नाही. सगळे बघतात, मीही बघतो. आम्हा न्यू जर्सीकरांची तर वेगळीच पंचाईत. आमची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं पक्षांतर्गत मतदान) जूनमध्ये, तोवर बहुतेक उमेदवार गाशा गुंडाळून घरी गेलेले असतात. म्हणजे आमचा खरा निर्णय मताचा नसतोच. देणगी कुणाला द्यायची, कुणाचं भाषण ऐकण्यात रविवार घालवायचा, हे ठरवायचं असतं आणि तेही अगदी सुरुवातीला. त्यासाठी हाताशी दोन गोष्टी असतात: देशभराचे पोल, आणि आयोवा, न्यू हॅम्पशरसारख्या आधी मतदान करणाऱ्या राज्यांचे पोल.

देशभराच्या पोलची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. २०१५ च्या जुलैपासून ट्रंप रिपब्लिकन पोलमध्ये पुढे होते, टीव्हीवरचे जाणकार मात्र ‘टिकणार नाहीत’ म्हणत राहिले. पोल बरोबर ठरले, जाणकार नाही. २०१९ मध्ये बायडन जवळजवळ वर्षभर पहिल्या नंबरवर होते. पुढे आयोवात ते चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या नावावर फुली मारली. मग दक्षिण कॅरोलायनात ते जिंकले, तीन दिवसांत सुपर ट्यूसडे (बऱ्याच राज्यांचं एकाच दिवशी मतदान) झाला आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. २०२४ मध्ये तर ट्रंप यांच्याबाबत प्रश्नच नव्हता. हे पोल रोज मिळतात, सरासरी काढलेली मिळते, आलेख मिळतो. सवडीने बघणाऱ्याला सोयीचं आहे.

पण २००७ आठवून बघा. रिपब्लिकन पक्षात वर्षभर बहुतेक पोलमध्ये रूडी जुलियानी पुढे. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन त्या शरद ऋतूत ओबामांच्या सुमारे वीस टक्के पुढे, काही पोलमध्ये त्याहून जास्त. जुलियानींनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे तिसरे आले आणि एकही राज्य न जिंकता घरी गेले. त्याआधी २००३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटिक पक्षात जो लीबरमन पुढे होते, कारण २००० मध्ये ते उपाध्यक्षपदाला उभे राहिले होते आणि लोकांना नाव ठाऊक होतं. २०११ चा रिपब्लिकन हंगाम तर करमणूकच होती. रिक पेरी आले आणि पहिले झाले, मग हर्मन केन पहिले, मग न्यूट गिंग्रिच पहिले. उमेदवारी मिळाली मिट रॉम्नींना.

कारण सरळ आहे. प्रायमरीत पक्षाची ओढ कामाला येत नाही, सगळे एकाच पक्षाचे. मग ज्याचं नाव ऐकलेलं असतं ते तोंडात येतं. शिवाय हजार लोकांचा पोल म्हटला तरी त्यात एका पक्षाचे मतदार निघतात चारशेच्या आसपास, आणि तिथे चुकीची मर्यादा दोन्हीकडे पाच टक्क्यांची होते. त्यात तीन टक्केवाला चौथा आणि दोन टक्केवाला सातवा, असली क्रमवारी लावतात!

हे सगळं मी वाचून मान्य केलं असतं आणि तरीही ते आकडे बघत राहिलो असतो. माझं मन उडालं ते मलाच एका पोलचा फोन आला तेव्हा. निवडणूक लांब होती. पलीकडची मुलगी नम्र होती, तिचा दोष नाही. तिने एकामागोमाग नावं वाचली. अर्धी मी ऐकलेली, अर्धी नाहीत. ‘निवडणूक आज झाली तर?’ मी म्हटलं, अजून विचार केलेला नाही. त्यावर, ‘तरीही कल कुणाकडे?’ म्हटलं, खरंच कुणाकडे नाही. ‘पण समजा निवडायचंच झालं तर?’ फोडणी जळत होती, म्हणून दोन वेळा ऐकलेलं एक नाव सांगून टाकलं. हा माझा ‘पाठिंबा’ कुठल्यातरी टक्क्यात जाऊन बसला. विचार केलेला नाही हे माझं एकमेव खरं उत्तर होतं आणि त्यासाठीच जागा नव्हती. लोकांना असं ढोसून उत्तर काढण्यामागे पोलवाल्यांची कारणं असतील, मतदानाच्या आदल्या आठवड्यात ती योग्यही असतील. पण वर्षभर आधी? आणि प्रश्नातलं ते ‘आज’ तर कधी उगवतच नाही. सगळ्या देशाने एकाच दिवशी प्रायमरीत मत दिलंय, असं आजवर घडलेलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण हे आकडे पुढे कामाला लावतात. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला मोठा वादविवाद झाला, तेव्हा सतरा उमेदवार होते आणि स्टेजवर जागा दहा. ते दहा कोण हे फॉक्स न्यूजने देशभराच्या पाच पोलच्या सरासरीवरून ठरवलं. बाकीचे संध्याकाळी लवकर, रिकाम्या सभागृहात. म्हणजे नाव ठाऊक नाही म्हणून पोलमध्ये खाली, आणि पोलमध्ये खाली म्हणून नाव ठाऊक व्हायची संधी नाही. माझ्यासारख्या किती जणांनी फोन ठेवायच्या घाईत त्या सरासरीला हात लावला असेल, कोण जाणे.

आता आयोवा. इथला नाव घेण्यासारखा पोल म्हणजे डे मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राचा, जो बरीच वर्षं अ‍ॅन सेल्झर करत असत. त्यांची पद्धत साधी होती: कॉकसला, म्हणजे प्रायमरीऐवजी उमेदवार निवडायला भरणाऱ्या मतदारांच्या सभेला, जाणार का हे माणसालाच विचारायचं, गेल्या वेळी कोण आलं होतं त्यावरून आपणच अंदाज बांधायचा नाही. जानेवारी २००४ मध्ये देशभर हॉवर्ड डीनची हवा असताना त्यांच्या शेवटच्या पोलने केरी, एडवर्ड्स, डीन, गेपहार्ट असा क्रम लावला आणि निकाल त्याच क्रमाने लागला. २००७ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४ असा आकडा दिला. पहिल्यांदाच कॉकसला येणारे एवढे कसे धरले, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ते मतदार खरंच आले आणि ओबामा जिंकले.

मला मात्र आवडतं ते वरच्या आकड्याखालचं. मन पक्कं झालंय की अजून बदलू शकतं? दुसरी पसंती कोण? कुणाबद्दल चांगलं मत आहे, आणि कुणाबद्दल मतच नाही? डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये पंधरा टक्क्यांखालच्या उमेदवाराची माणसं उठून दुसऱ्याकडे जात, त्यामुळे दुसरी पसंती तिथे शोभेची नसे. माझ्या त्या जळलेल्या फोडणीच्या उत्तराला या पोलमध्ये निदान एक घर होतं. २०१२ चा रिपब्लिकन पोलही असाच: चार दिवसांच्या सरासरीत सँटोरम १५ टक्क्यांवर, पण शेवटच्या दोन दिवसांत २१ वर गेलेत हे त्यांनी वेगळं छापलं. सँटोरम ३४ मतांनी जिंकले.

आता दुसरी बाजू. आयोवाचा पोल आयोवापुरताच असतो. रिपब्लिकन पक्षात हकबी, सँटोरम, क्रूझ हे तिघे ओळीने तिथे जिंकले आणि तिघांपैकी कुणालाही उमेदवारी मिळाली नाही. २०१६ चा शेवटचा पोलही चुकला: ट्रंप पुढे दाखवले, जिंकले क्रूझ. २०२० चा शेवटचा पोल तर छापलाच नाही, कारण एका मुलाखतीत डेमोक्रॅटिक उमेदवार पीट बुटिजेज यांचं नाव यादीतून गळल्याची तक्रार आली होती. स्क्रीनवरची अक्षरं मोठी केल्यामुळे ते कापलं गेलं असावं. (छापला नाही म्हणून माझा विश्वास वाढला, पण हा स्वभावाचा भाग झाला.) न्यू हॅम्पशरचं २००८ सालचं प्रकरण आणखी नामुष्कीचं. ओबामा सात-आठ टक्क्यांनी पुढे असं सगळे सांगत होते, जिंकल्या क्लिंटन, आणि पोलवाल्यांच्या संघटनेला चौकशी समिती बसवावी लागली.

शिवाय राज्याचा असला तरी लवकरचा पोल तो लवकरचाच. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोवात बेन कार्सन पुढे होते. आपल्यातलं उदाहरण हवं असेल तर बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःच्या पैशाने टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला, तेव्हा काही पोलमध्ये ते पुढे दिसले आणि इथल्या मराठी मंडळींत पेढ्यांची भाषा सुरू झाली. ऑगस्टच्या प्रायमरीत ते तिसरे आले, पहिल्या आलेल्या ग्रेचन व्हिटमर यांना निम्म्याहून जास्त मतं पडली.

सट्टेबाजारांचे भाव आणि पक्षनेत्यांचे पाठिंबे हेही पर्याय लोक सुचवतात. भाव बऱ्याचदा पोलच्याच मागे पळतात असं मला वाटतं, आणि पाठिंब्यांवर विसंबलो असतो तर २०१६ मध्ये जेब बुश धरून बसलो असतो.

मग काय बघायचं? शेवटी कोण जिंकणार एवढंच हवं असेल, आणि पुढे असलेल्याचं नाव देशातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असून तो निम्म्याच्या आसपास असेल, तर देशभराचा पोल बघा, फार चुकणार नाही. (२००७ च्या क्लिंटन हा त्यालाही अपवादच, म्हणून ‘फार’ म्हटलं.) २०२८ ची गोष्ट मला तशी दिसत नाही. ट्रंप घटनेनुसार पुन्हा उभे राहू शकत नाहीत, डेमोक्रॅट्सकडे इच्छुकांची रांग आहे, म्हणजे सुरुवातीचे आकडे पुन्हा नावाच्या ओळखीचेच असणार. मी तरी पहिल्या राज्याचा पोल बघेन. ते राज्य आयोवाच असेल असंही नाही. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी दक्षिण कॅरोलायना पुढे आणलं होतंच. सेल्झरही आता तो पोल करत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी आयोवात हॅरिस तीन टक्के पुढे दाखवल्या आणि ट्रंप तेरा टक्क्यांनी जिंकले. त्यामुळे त्या जागी कोण येतं आणि दुसरी पसंती विचारत राहतं का, यावर माझं बरंचसं अवलंबून आहे.

तोवर एक करता येईल. तिमाही संपायच्या, म्हणजे उमेदवारांनी देणग्यांचा हिशेब बंद करायच्या, आठवड्यात ‘आमचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर, आत्ताच दहा डॉलर द्या’ असे ईमेल येतील. पोल देशाचा की राज्याचा, ‘विचार केलेला नाही’ म्हणणारे किती, आणि त्या उमेदवाराबद्दल मतच नसलेले किती, एवढं शोधा. शेवटचा आकडा दिलेलाच नसेल तर दहा डॉलर पुढच्या तिमाहीपर्यंत खिशातच असू द्या.