मोबाइलची मॅक्रो क्लिप-लेन्स : नैरोबीतले दोन्ही पावसाळे काढल्यानंतर

फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी अडकवायची आणि बारीक गोष्टी जवळून मोठ्या दाखवणारी ही लेन्स. पहिल्या रिव्ह्यूत मी तिला दोन तारे दिले होते, हा त्याच लेन्सचा दुसरा रिव्ह्यू. काचेबद्दल माझी एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती क्लिपच्या आतल्या रबरी गादीबद्दल. ती सुटून पडली, मुंबईच्या विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "मॅडम, वॉरंटी काचेला आहे, रबराला नाही." रबर वेगळं मिळत नाही, क्लिपसकट नवी लेन्स घ्या म्हणतात. बाराशे रुपयांची चांगली वस्तू एवढ्याशा तुकड्यापायी अडगळीत टाकायची, हे मला पटत नाही.

पंधरा पट मोठं दिसतं, दोन-तीन सेंटिमीटरवरून फोकस, कडेला थोडं धूसर, हे तुम्हाला माहीत असेलच. मी ती घेतली इथले किडे ओळखायला, कारण नुसत्या रंगावर विसंबलं की हमखास फसगत होते. २०१९च्या अखेरीस केनियात घुसलेला वाळवंटी टोळच बघा. एकटा वाढला की करडा-तपकिरी, झुंडीतला कोवळा असताना गुलाबी, जून झाला की पिवळा. अशाच रंगरूपाच्या फरकामुळे दोन निराळ्या जाती मानलेले टोळ मुळात एकच आहेत, हे बोरिस उवारॉव्ह यांनी १९२१ साली मांडलं. रंग बदलला तरी पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गळ्याखाली असलेली खुंटी बदलत नाही. लेन्समधून ती दिसली की नाकतोड्यांचे कितीतरी प्रकार यादीतून आपोआप गळतात.

पावसात दिव्याभोवती जमणारी 'नैरोबी फ्लाय' या लेन्सखाली फार स्पष्ट दिसते. डोकं काळं, छाती नारिंगी, शेपटाचं टोक पुन्हा काळं. वरचे कडक पंख इतके आखूड की अर्ध्याहून जास्त पोट उघडं. खरे उडायचे पंख त्या आखूड झाकणाखाली घड्या घालून ठेवलेले असतात, म्हणजे हा सरळसरळ भुंगेरा. अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातल्या पेडेरिन नावाच्या विषामुळे कातडीवर फोड येतात, तेव्हा फुंकर मारून उडवा आणि फोटो काढायचा तो मेलेल्याचाच काढा. याचे भाऊबंद भारतातही आहेत.

आता पुन्हा रबराकडे. सेरेंगेटीत गाडीत शिरलेली एक त्सेत्से (रक्त पिणारी) माशी मेलेली मिळाली. ही माशी बसताना पंख एकावर एक मिटून ठेवते. गोठ्यातली चावरी माशी ते फाकवून बसते. पण खरी खूण पंखाच्या मधोमध असते. तिथे शिरांनी वेढलेला एक कप्पा कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराचा असतो. तो कप्पा नीट टिपायला लेन्सचा मध्य कॅमेऱ्याच्या मध्यावर तंतोतंत बसावा लागतो. गाडीत तापून रबर मऊ झालं की क्लिप केसभर सरकते आणि नेमका तोच कप्पा धूसर भागात जातो. अर्धा तास मी क्लिप जागेवर आणत होते. एवढी सुरेख काच बनवणाऱ्यांनी तिला धरून ठेवणाऱ्या भागावर काटकसर करावी, याचा मला खरंच राग आहे. शेवटी घराजवळच्या चपला शिवणाऱ्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवून दिला. तो मूळ रबरापेक्षा घट्ट बसतो.

पहिल्या रिव्ह्यूत मी 'सरपटणाऱ्यांसाठी उपयोग शून्य' असं लिहिलं होतं. ते आता बदलते आहे. जॅक्सन सरड्याच्या नराची तीन शिंगं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात आणि जिवंत प्राण्याच्या तोंडाशी फोन न्यायचा नाही, यावर मी आजही ठाम आहे. पण केनियातल्या डिआनीला समुद्राकाठच्या घरी कुंपणात सापाची कात सापडली. माळीदादा लांबूनच "न्योका, न्योका" (स्वाहिलीत साप) करत होते. त्या किनाऱ्यावर हिरवा मांबा आणि बूमस्लँग हे जहाल विषारी साप आणि बिनविषारी हिरवे साप, तिन्ही राहतात. कातीत रंग उरतच नाही, खवले तेवढे उरतात. बूमस्लँगच्या पाठीवरच्या खवल्याला मधोमध उभी धार असते. इथे खवले गुळगुळीत होते. मग शरीराच्या मध्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खवल्यांच्या रांगा मोजल्या. पंधरा भरल्या. मांब्याच्या निदान सतरा असतात. म्हणजे कात त्या बिनविषारी हिरव्या सापाची, फिलोथॅम्नसची. माळीदादांना मोबाइलवर खवले मोठे करून दाखवले, तेव्हा ते पहिल्यांदा जवळ आले.

एकाच खुणेवर मात्र निकाल देऊ नका. १९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट यांच्याकडे ओळखायला आलेल्या सापाचा शेपटीच्या मुळाशी पोटाकडचा खवला दुभंगलेला नव्हता. बूमस्लँगचा सहसा असतो, म्हणून त्यांच्या मनात शंका राहिली. तो बूमस्लँगच होता आणि त्याच्या दंशाने दुसऱ्या दिवशी ते गेले. आयुष्यभर साप अभ्यासलेला माणूस होता तो.

तेव्हा माझे दोन तारे आता चार झाले आहेत. पाचवा त्या रबरापायी अडला आहे. कातीचे फोटो काढणार असाल तर ती आधी कोमट पाण्यात भिजवून सैल करा, काळ्या कापडावर सपाट पसरा आणि उजेड एका बाजूने तिरका पडू द्या, खवल्यावरची धार तशीच दिसते. कातीच्या लांबीवरून सापाची लांबी ठरवू नका, उतरताना ती ताणली जाते.