सायलेन्सरची पेस्ट: अठरा दिवस टिकली, त्याची गोष्ट

गाडी सुरू केली की टिकटिक, आणि ॲक्सिलरेटर सोडला की फाटफूट. टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत अशा समजात मी दोन दिवस हिंडलो. तिसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबून धरलं, तर बेंड पाईपच्या, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीच्या, खालच्या अंगाने फुस्स! फ्लँजपासून (पाईप इंजिनला जिथे नटांनी जोडतात ती चकती) चार बोटांवर, जुन्या वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर, आणि तिच्याभोवती काजळीची मिशी.

घरात दोन ट्यूबवाला इपॉक्सी होता, तो मी आधी लावून बसलो. साधा इपॉक्सी तीनशे अंशांच्या आतच मान टाकतो आणि इंजिनच्या तोंडाशी धूर सहाशेच्या वर तापलेला असतो. दहा मिनिटांत नुसता जळका वास. मग आणली ही डबीतली राखाडी पेस्ट, सोडियम सिलिकेटवाली. डबीवर हजार अंशांचा दावा आहे, आणि उष्णतेपुरता तो मला तरी खोटा वाटला नाही.

पहिल्यांदा मात्र घाई नडली. थापली आणि लगेच गाडी काढली. आतल्या पाण्याची वाफ झाली, पेस्ट फोडासारखी फुगली आणि टरफलासारखी गळून पडली. दुसऱ्यांदा पॉलिशपेपरने धातू चकाकेपर्यंत घासलं, ओल्या बोटाने जागा जरा भिजवली, चिरेच्या दोन्ही बाजूंना इंचभर पसरवून रात्रभर सोडलं. सकाळी दहा मिनिटं नुसतं आयडलिंग, तेही उघड्यावर, कारण बंद जागेत त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. पेस्ट कपबशीसारखी कडक झाली. टिकटिक गायब. धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवायला मदत करणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे चीर असल्याने बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सर फसत होता आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल पीत होती, तेही थांबलं.

अठराव्या दिवशी पेस्टवर बारीक रेघ दिसली, दुसऱ्या दिवशी तुकडा निघाला. उष्णता सोसते, पण वाकत नाही. आणि माझा पाईप हलत होता. मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट ढिला, रबर बुश चेपलेलं, म्हणजे सगळा सायलेन्सर त्या फ्लँजवर लोंबकळत होता. तो बोल्ट शेवटचा आवळणारा मीच, त्यामुळे पेस्टच्या नावाने बोंब मारायला तोंड नाही.

शेवटी पाईप काढून वेल्डिंगला दिला. "हे काय थापलंय, दादा?" वेल्डरने पहिलं हेच विचारलं. टाका मारायला लागला त्याच्या दुप्पट वेळ ते खरवडण्यात गेला, कारण पेस्टचा कण राहिला तर टाक्यात बुडबुडे धरतात. मग त्याने चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही, आणि टिग वेल्डिंगने भरून दिलं. बसवताना नवं गॅस्केट घातलं, सगळे नट हाताने लावले, आधी फ्लँजचे दोन्ही आळीपाळीने आवळले, मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की पाईप ताणात बसतो. मागच्या वेळी मी नेमका उलटाच केला होता.

पेस्टला पाचपैकी तीन. मागे सायलेन्सरच्या डब्याला गंजून भोक पडलं असेल तर खुशाल लावा, तिथे उष्णता कमी. बेंड पाईपला मात्र वेल्डर गाठेपर्यंतच. आणि डबी लहान घ्या. परवा मित्राच्या गाडीसाठी माझी उघडायला गेलो, तर उरलेल्या पेस्टचा आत दगड झाला होता. स्क्रूड्रायव्हर वाकला, पेस्ट नाही.