‘फ्रॉम द डेप्थ्स ऑफ अवर हार्ट्स’: मुखपृष्ठावर दोन नावे, सूर एकाचा

कॅथलिक धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याची बाजू मांडणाऱ्या, जानेवारी २०२० मध्ये आलेल्या या छोटेखानी पुस्तकाचा पहिला वाद लेखकांच्या नावांवरूनच झाला. माजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी सहलेखक म्हणून आपले नाव काढण्यास सांगितले. इग्नेशियस प्रेसच्या इंग्रजी आवृत्तीवर मात्र ते कायम राहिले. बेनेडिक्ट यांचे यात एकच प्रकरण आहे आणि पुस्तकाचा एकूण सूर पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाचे कार्डिनल (पोपखालोखालचे वरिष्ठ धर्माधिकारी) रॉबर्ट सारा यांचा आहे, हे ग्राहकाने आधीच जाणून घ्यावे.

ऑक्टोबर २०१९ च्या ॲमेझॉन धर्मसभेने (त्या प्रदेशातील चर्चच्या प्रश्नांवरील बिशपांच्या बैठकीने), जिथे महिनोन्‌महिने मिस्सा (धर्मगुरूशिवाय न होणारी मुख्य उपासना) होत नाही अशा दुर्गम भागांत विवाहित डीकनांना (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरील सेवकांना) धर्मगुरूपदाची दीक्षा देता यावी, असा ठराव १२८ विरुद्ध ४१ मतांनी संमत केला होता. त्यावर पोप फ्रान्सिस यांचा निर्णय येण्यापूर्वीच हे पुस्तक बाहेर पडले.

बेनेडिक्ट यांचा युक्तिवाद असा की जुन्या करारातील याजक सेवेच्या काळापुरता स्त्रीसंग वर्ज्य करीत. ख्रिस्ती धर्मगुरू रोज ख्रिस्तयाग म्हणजेच मिस्सा अर्पण करतो, म्हणून त्याचा संयम आयुष्यभराचा ठरतो. मांडणी विद्वत्तेची असली तरी मला ती पटली नाही, कारण पुरोहितपदाच्या स्वरूपातूनच ब्रह्मचर्याची सक्ती निघत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने) १९६५ मध्ये पूर्वेकडील चर्चपरंपरांतील विवाहित धर्मगुरूंचा दाखला देऊन नमूद केले आहे. शिवाय पहिले पोप मानल्या गेलेल्या संत पेत्राला सासू होती, हे मार्कच्या शुभवर्तमानातच वाचायला मिळते!

सारा यांची भाषा बरीच चढी आहे, पण त्यांच्या गिनीतील आठवणींसाठी मी हे पुस्तक जवळ ठेवीन. १९६७ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीने परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर घालवल्यावर काही गावांना सुमारे दहा वर्षे धर्मगुरू दिसला नाही, तरी लोकांनी प्रार्थना आणि धर्मशिक्षण चालू ठेवले. बहुतेक धर्मग्रामांत नियमित मिस्सा होणाऱ्या वसईच्या वाचकाला ही पाने अस्वस्थ करतील. अर्थात याच प्रसंगातून उलटा प्रश्नही उभा राहतो: त्या दहा वर्षांत गावातल्याच एखाद्या प्रौढ, विवाहित प्रार्थनाप्रमुखाला दीक्षा दिली असती तर बिघडले काय असते? सारा तिकडे फिरकत नाहीत.

ब्रह्मचर्याची बाजू तिच्या कट्टर समर्थकांच्याच शब्दांत वाचायची असेल तर पुस्तक अवश्य घ्यावे. दोन्ही बाजू तोलून पाहायच्या असतील तर सोबत दुसरे काही लागेल.