आयोवा काउंटीचा जुना नकाशासंच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१८७० च्या दशकातल्या टाउनशिप-नकाशांचं, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या नावावर हे दाखवणाऱ्या नकाशांचं, हे पुनर्मुद्रण मी मार्चमध्ये घेतलं. अमेरिकेच्या आयोवा राज्यातली ही काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आयोवा सिटीहून जवळच, त्यामुळे सुटीच्या दिवशी पुस्तक शेजारच्या सीटवर ठेवून निघायचं, असं सुरू झालं.

टाउनशिप म्हणजे सहा मैलांचा चौकोन. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. ही आखणी १७८५ च्या कायद्याची, सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला. उन्हाळ्यात आई आली होती. मक्याच्या शेतांकडे बघून म्हणाली, "अगं, यांचे बांध कुठायत?" मी तिला नकाशा दाखवला. इथे आधी रेघ पडली, मग माणूस आला. खडीचे रस्ते अजून त्याच रेघांवरून जातात, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचं पान उघडून आजही शेत सापडतं. या एका गोष्टीसाठी मी पुस्तक पुन्हा विकत घेईन.

बांधणी मात्र वाईट. दोन पानी नकाशांत मधल्या सेक्शनांच्या मालकांची नावं शिवणीत गेली आहेत. नावांची सूची नाही, ती मी वहीत करतेय. भिंग लागतंच.

नकाशात फक्त मालक दिसतात, हे ध्यानात ठेवा. काउंटीची बरीचशी जमीन १८४२ च्या करारात साउक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून घेतलेली. त्याचा मागमूसही पानांवर नाही. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये शेजारच्या टामा काउंटीत १,००० डॉलर मोजून ८० एकर विकत घेतले. आपल्याच मुलखात राहायला खरेदीखत करावं लागलं, हे वाचल्यापासून माझी नजरच बदलली.

याच काउंटीतल्या अमानापाशी तर सगळी नावं संपतात. १८५५ मध्ये आलेल्या जर्मन भाविकांची सात गावं, सुमारे २६,००० एकर, सगळं त्यांच्या संस्थेच्या नावावर. घरात चूल नाही. पन्नासहून अधिक सामाईक स्वयंपाकघरं, एकेकात तीस-चाळीस माणसं जेवायची. १९३२ पर्यंत हे चाललं. तो सगळा स्वयंपाक बायकांनी रांधला, आणि नकाशावर त्या जागी फक्त कोरा कागद आहे.

ऑक्टोबरमध्ये तिथल्या दफनभूमीत गेले. सगळे दगड सारखे, साधे. कुटुंबं एकत्र नाहीत. ज्या क्रमाने माणसं गेली, त्याच क्रमाने पुरलेली. पुस्तक गाडीतच ठेवलं होतं. वही काढली आणि पहिल्या रांगेपासून नावं लिहायला लागले.