फवारणीच्या धुवणासाठी काय निवडावं: बायोबेड की वनस्पतींचा चर?

निवड करण्याआधी विषारी पाणी कुठून येतं ते पाहा. पंपाची टाकी, नळ्या, नोझल धुतल्यावर निघणारं पाणी थोडं असतं, पण तीव्र. फवारलेल्या रानातून पावसानं वाहून येणारं पाणी भरपूर असतं आणि औषध त्यात विरळ. धुवणासाठी बायोबेड, म्हणजे पेंढा-मातीचं मिश्रण भरलेला, सूक्ष्मजीवांकडून औषध फोडून घेणारा खड्डा; वाहत्या पाण्यासाठी वनस्पतींचा चर, म्हणजे झाडं-गवत वाढलेला पाण्याचा चर. अदलाबदल केली की दोन्ही फसतात.

बायोबेडची पद्धत १९९३ साली स्वीडनमध्ये सुरू झाली. साधारण ६० सेंटीमीटर खोल खड्डा, तळाशी १० सेंटीमीटर चिकणमातीचा थर, त्यावर मिश्रण आणि सगळ्यात वर गवत. मिश्रण घनफळानं मोजायचं: १००० लिटरमध्ये ५०० लिटर पेंढा, २५० लिटर माती, २५० लिटर पीट (दलदलीत साठलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा). पेंढ्यातल्या लिग्निनवर (काडीला कडकपणा देणाऱ्या घटकावर) पांढरी बुरशी वाढते. लिग्निन फोडण्यासाठी ती जी विकरं सोडते, तीच अनेक कीडनाशकांचे रेणूही फोडतात. पीट ओल धरून ठेवतं आणि मिश्रण आम्ल ठेवतं, ते या बुरशीला मानवतं. पीटऐवजी कंपोस्ट चालतं, मात्र मग सामू वाढतो आणि कामाचा भार बुरशीकडून जिवाणूंकडे जातो. ताजं शेणखत मात्र घालू नका. नत्र मुबलक मिळालं की बुरशी लिग्निनच्या वाटेला फारशी जात नाही. मिश्रण काही आठवडे ओलसर मुरवलं आणि पेंढ्यावर पांढरे धागे दिसू लागले, की धुवण सोडायला हरकत नाही.

बायोबेड बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. ४ चौरस मीटरच्या खड्ड्यातून दिवसाला ३ मिलिमीटर बाष्पीभवन झालं तर १२ लिटर पाणी उडतं. म्हणजे १२० लिटर धुवण जिरवायला १० दिवस. त्यातच १०० मिलिमीटर पाऊस झाला तर आणखी ४०० लिटर! म्हणून पावसाळी भागात वर छप्पर हवंच. भूजल उथळ असेल तर चिकणमातीवर विसंबू नका, खाली जाड प्लास्टिकचं अस्तर घाला. ओल तपासायला मूठभर मिश्रण दाबा. गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा राहिलेली नाही, धुवण थांबवा. वरचं गवत पाणी शोषून उडवतं आणि धुवण कुठे सांडलं तेही दाखवतं. एकाच जागी पिवळं पडलं तर धुवण पसरत नाहीये असं समजा. (तणनाशकाचं धुवण असेल तर ते सगळीकडेच जळेल, त्याचं आश्चर्य नको.)

चराचं काम वेगळं. पाणकणीस, बोरू अशी झाडं औषध ‘खातात’ हा समज जरा जास्तच पसरलाय. मुख्य काम असतं पाण्याचा वेग मोडण्याचं. गाळ खाली बसतो, औषध पानं-देठांना आणि गाळाला चिकटतं, आणि मुळांभोवतीचे जिवाणू ते सावकाश फोडतात. त्यामुळे मातीला चिकटणारी औषधं, उदाहरणार्थ पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशकं, इथे चांगली अडतात. ॲट्राझीन या तणनाशकासारखं पाण्यात राहणारं औषध मात्र बरंचसं पुढे निघून जातं. फवारणीनंतरचा पहिला मोठा पाऊस ही खरी परीक्षा. चर आखूड किंवा उताराचा असेल तर पाणी थांबतच नाही. कापलेलं गवत जनावरांना घालू नका.

नुसत्या बाटलीबंद जिवाणूंवर पैसे घालण्याआधी थांबा. ओल, हवा आणि खाद्य नसेल तर बाहेरून आणलेले जिवाणू टिकत नाहीत. या तिन्ही गोष्टी असतील तर मातीतलेच कामाला लागतात.

काही गोष्टी दोन्हीकडे बसत नाहीत. बोर्डो मिश्रणातलं तांबं हे मूलद्रव्य, ते कुजत नाही, साठतच जातं. पॅराक्वाट हे तणनाशक मातीच्या कणांना इतकं घट्ट धरून बसतं की सूक्ष्मजीवांच्या हाती फारसं लागत नाही. न मिसळलेलं किंवा मुदत संपलेलं औषध कुठेच ओतायचं नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घ्या, तेवढं धुवण कमी.

देखभाल बायोबेडची जास्त. पेंढा कुजून पातळी खाली बसते, दरवर्षी भर घालावी लागते आणि काही वर्षांनी सगळं मिश्रण बदलावं लागतं. काढलेलं मिश्रण थेट रानात टाकू नका. ६ ते १२ महिने झाकून कुजवा, आणि तांबं वापरत असाल तर पसरण्याआधी तपासून घ्या.