विंडोज ७चा सपोर्ट काढल्यानंतर: एका बिलिंग सॉफ्टवेअरचा अनुभव

कृषी सेवा केंद्रांसाठीचं एक बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून सांभाळतो. वापरणारे बहुतेक लातूर, औसा, उदगीर या पट्ट्यातले. २०२४च्या दिवाळीनंतर आम्ही त्यातून विंडोज ७चा सपोर्ट काढला आणि गो या प्रोग्रामिंग भाषेच्या १.२० व्हर्जनवरून थेट १.२३वर उडी मारली. त्यानंतर मार्चअखेर झाला, मृगाची गर्दीही होऊन गेली. सोयाबीनच्या बियाण्याला रांग लागलेली असताना जे टिकतं ते टिकलं म्हणायचं, म्हणून आता लिहितोय.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ची सर्वसाधारण देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना मिळणारे सुरक्षा अपडेटही जानेवारी २०२३मध्ये संपले. पुढच्याच महिन्यात गो १.२० आलं, तेव्हाच सांगितलं होतं की विंडोज ७ आणि ८वर चालणारं हे शेवटचं व्हर्जन, १.२१पासून किमान विंडोज १० लागेल. गोमध्ये दोन नवी व्हर्जन आली की त्याआधीच्या व्हर्जनच्या दुरुस्त्या बंद होतात. फेब्रुवारी २०२४मध्ये १.२२ आलं आणि १.२०चा विषय संपला. एप्रिलमध्ये एचटीटीपी/२मधली (वेबवर माहिती पाठवण्याच्या पद्धतीतली) एक मोठी त्रुटी १.२१ आणि १.२२मध्ये दुरुस्त झाली, १.२०ला ती दुरुस्ती मिळाली नाही. आमचे काउंटर दुकानाच्या आतल्या नेटवर्कवर साध्या एचटीटीपीने बोलतात, त्यामुळे या त्रुटीचा आम्हाला थेट धक्का नव्हता. पण पुढची त्रुटी कुठे निघेल ते कोण सांगणार?

खरी अडचण लायब्ऱ्यांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची झाली. १.२१मध्ये 'स्लायसेस', 'मॅप्स', 'स्लॉग' ही पॅकेजेस भाषेसोबतच आली आणि बाकीच्यांनी ती धडाधड वापरायला घेतली. मग एखादी लायब्ररी अपडेट करायला जावं तर बिल्डच होईना, म्हणजे कोडपासून प्रोग्रामच तयार होईना. जुनं व्हर्जन धरून बसायचं म्हणजे जगभरच्या लायब्ऱ्याही त्याच तारखेला गोठवायच्या.

सपोर्ट काढला की ढिगाने कोड उडेल, अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. आमच्याकडे अडगळ होती ती फॉन्टमध्ये. विंडोज ७वर देवनागरीसाठी 'मंगल' हमखास असतो. विंडोज १०मध्ये तो वेगळ्या, ऐच्छिक संचात टाकलाय. हिंदी किंवा मराठी भाषा जोडलेली नसेल तर तो मशीनवर नसूही शकतो, मिळतो तो 'निर्मला यूआय'. दोन्हींची अक्षररुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. मंगलच्या ओळी ऐसपैस, त्यामुळे तेच बिल लांबायचं. कीटकनाशकाच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख शेजारशेजारच्या रकान्यांत बसवायला आम्ही प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी मापं ठेवली होती. ती सगळी गेली. आता एकच फॉन्ट, एकच माप. या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हा बदल पुन्हा करीन.

रिपोर्टच्या स्क्रीन वेबव्ह्यू२वर आहेत, म्हणजे प्रोग्रामच्या आत वेबपान दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझर-भागावर. विंडोज ७साठी त्याचं १०९ हे शेवटचं व्हर्जन, म्हणजे जानेवारी २०२३ला थांबलेला ब्राउझर. तिथली बंधनं सुटली. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

आता डोकेदुखी. इन्स्टॉलरमध्ये किमान व्हर्जनची अट घालणं एका ओळीचं काम. पण आपल्याकडे सॉफ्टवेअर इन्स्टॉलरने थोडंच पसरतं? पेनड्राइव्हवर फोल्डर उचलून पाहुण्याच्या दुकानात टाकलं की झालं! गो १.२२पासून यादृच्छिक आकड्यांसाठी विंडोजचं नवं फंक्शन वापरलं जातं, ते विंडोज ७मध्ये नाही. प्रोग्राम आपल्या पहिल्या ओळीपर्यंत पोचायच्या आतच मरतो, त्यामुळे 'हे मशीन जुनं आहे' असा मराठी निरोप दाखवायची संधीच मिळत नाही. दुकानदाराला दिसतं एवढंच, की डबल क्लिक केलं आणि काही झालं नाही. मग फोन. यावर आम्ही सी भाषेत एक छोटा लाँचर लिहिला. आयकॉन त्यालाच जोडला. तो आधी विंडोजचं व्हर्जन बघतो, जुनं असेल तर जुन्या व्हर्जनचा पत्ता दाखवतो, नाहीतर खरा प्रोग्राम सुरू करतो. व्हर्जन विचारायचं नेहमीचं फंक्शन ८.१पासून सरळ उत्तर देत नाही, मॅनिफेस्ट (प्रोग्राम कोणत्या विंडोजसाठी आहे ते सांगणारी नोंद) नसेल तर ६.२वरच, म्हणजे विंडोज ८च्या आकड्यावरच अडून बसतं. म्हणून त्याच्या खालच्या पातळीवरचं 'आरटीएल गेट व्हर्जन' वापरावं. ऑटो-अपडेटलाही हीच तपासणी लावली, आणि ती गो १.२०वर बनवलेल्या आमच्या शेवटच्या व्हर्जनमध्येच घालून ते आधी सगळीकडे पोचू दिलं. हा क्रम उलटा झाला तर चालू मशीन अपडेट ओढून घेऊन बंद पडेल, तेही ऐन हंगामात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मिश्र दुकानांनी. पुढच्या काउंटरला नवं मशीन, मागे गोदामात विंडोज ७चा जुना डबा, त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला. दोघंही एकाच डेटाबेसशी बोलतात. म्हणजे बिल्डमधून विंडोज ७ गेलं तरी नेटवर्कवर ते जिवंतच. मार्चमध्ये आम्हाला प्रत्येक मालाला एकाऐवजी अनेक बॅच जोडायच्या होत्या. एकाच कीटकनाशकाच्या दोन मुदती गोदामात असतातच. पण जुन्या काउंटरला एकच बॅच कळते. शेवटी नव्या बॅच वेगळ्या तक्त्यात ठेवल्या आणि जुन्या रकान्यात जिची मुदत आधी संपते ती बॅच दाखवत राहिलो. चालतंय, पण हा जुगाड आहे, आणि तो विंडोज ७साठीचाच कोड आहे. फक्त त्याला आता कोणी विंडोज ७चा कोड म्हणत नाही.

त्यामुळे कोणी विचारलं, 'सपोर्ट काढून काम किती कमी झालं?' तर माझं उत्तर असं: बिल्ड आणि टेस्टिंग बरंच हलकं झालं, डेटाच्या रचनेत जवळपास काहीच नाही. तुमचं सॉफ्टवेअर एकेकट्या मशीनवर चालत असेल तर बिनधास्त करा. चार मशीन एकमेकांशी बोलत असतील तर कोड उडवायच्या आधी जुन्या आणि नव्या व्हर्जनमध्ये काय काय देवाणघेवाण होते ते कागदावर मांडा.

दुकानदारांचं म्हणाल तर आरडाओरड वाटली होती त्यापेक्षा कमी झाली. औशाचे एक मालक एवढंच म्हणाले, "सर, मशीन चालतंय की. मग कशाला बदलायचं?" त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे. दोन जीबी रॅमच्या त्या मशीनवर विंडोज १० टाकता येतं, पण ते वापरणाऱ्याच्या सहनशक्तीचा अंत बघतं. अशांना आम्ही जुनं व्हर्जन ठेवू दिलंय. त्यात नवी सोय येणार नाही, कराच्या दरात बदल झाला तर तेवढा देऊ, आणि त्या मशीनला इंटरनेट जोडू नका, असं लेखी कळवलंय. बऱ्याच जणांनी तरी जोडलेलंच आहे.

विंडोज १०ची सर्वसाधारण देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, म्हणून लगेच विचारणा सुरू झालीय. गो अजून विंडोज १०वर चालतं, तेव्हा आम्ही त्याला हात लावणार नाही. आधी मागच्या गोदामातली मशीन बदलून घ्यायची आहेत. त्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा फिरावं लागेल. खरिपाचे पैसे दुकानात आल्याशिवाय हा विषय काढण्यात अर्थ नाही.