गळकी पेट्रोल टाकी: लांबी लावायची की टाकी उतरवायची?

पावसाळे काढलेल्या मारुती ८००ची टाकी गंजते ती बहुतेक खालच्या शिवणीवर आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली, जिथे चिखल साचून राहतो. तिथे दोन मार्ग उरतात.

पहिला इपॉक्सी लांबीचा, म्हणजे भोकावर थापल्यावर कडक होणाऱ्या लगद्याचा. स्वस्त, तासाभराचं काम. पण पेट्रोल पाझरत असताना ती धरत नाही. पातळी भोकाखाली आणून पत्रा चकचकीत घासावा लागतो, तोही हाताने, सॅंडपेपरने. ग्राइंडर अजिबात नको, ठिणगी उडते. शिवाय भोकाभोवतीचा पत्रा कागदासारखा झालेला असेल, तर महिन्याभरात शेजारी दुसरं भोक पडतं. दगडाने पडलेल्या एखाद्या बारीक छिद्राला, गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती, लांबी ठीक.

दुसरा मार्ग टाकी उतरवून झाळण्याचा किंवा बदलण्याचा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. हवेत जेमतेम दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती भडकते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण उरतं. नुसतं पाण्याने खंगाळून वेल्डिंग करणाऱ्याकडे टाकी देऊ नका. वाफेने धुऊन, आत निष्क्रिय, म्हणजे न पेटणारा, वायू भरून काम करणाराच हवा.

गंज पसरला असेल तर मी सरळ नवी टाकी घेईन. कुर्ल्याच्या बाजारात जुनी मिळते, पण आत टॉर्च मारून गंज बघा.

तोवर गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत मीटरच्या खोलीपर्यंत जाते.